नाव घेणे

मराठी भाषेत ‘नाव’ ह्या एका शब्दाभोवती जेवढे वाक्प्रचार जमले आहेत, तेवढे फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आले असतील. कर्तबगार मुलगा घराण्याचे नाव काढतो, उनाड मुलगा ते घालवितो. बारशाच्या दिवशी आपण बाळाचे नाव ठेवतो आणि शेजाऱ्याला मात्र नावे ठेवतो. एकवचनाचे अनेकवचन होताच मंगल कार्याची निंदा होते. जमीन कुणाच्या तरी नावावर चढते, कुणाच्या नावावरून उतरते. आणि लग्नात वधूला साऱ्या जणी आग्रह करतात, ‘नाव घे.’

हा आग्रह का करावा लागे, हे आजच्या मुलींना सांगावे लागेल. आपल्या आज्या नवऱ्याचे नाव घेत नसत. ‘अमक्याचा बापूस’, ‘घरचे’, ‘ते’ एवढ्यावर त्यांचा संसार पन्नास-पन्नास वर्षे चालला. त्यात पुरुषी वर्चस्वाचा भाग होता, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यापलीकडेही काही होते. जे माणूस सर्वांत जवळचे, त्याचे नाव चारचौघांत सहज उच्चारण्याची वस्तू नव्हे, अशी एक जाणीव त्या न बोलण्यात होती. ही जाणीव ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना पवित्र शास्त्रातील एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगेल असे मला वाटते.

ती गोष्ट मोशेची. जळत्या झुडपापाशी तो देवाला त्याचे नाव विचारतो. प्रश्न साधा दिसतो, पण तसा नाही. त्या काळी मिसर देशात आणि आसपासच्या प्रदेशांत अशी समजूत होती की दैवताचे खरे नाव ज्याला ठाऊक झाले, त्याची त्या दैवतावर काहीएक सत्ता चालते. याकोबानेही यब्बोक नदीकाठी रात्रभर झुंज दिल्यावर नाव विचारले होते. त्याला ते सांगण्यात आले नाही. मोशेला उत्तर मिळते, पण ते कसे? ‘असणे’ ह्या क्रियापदाशी जुळणारे. देव म्हणतो की तो आहे आणि तो राहील. नाव मिळाले, पण मुठीत धरता येईल असे मिळाले नाही. देवाला हाक मारता येते, देवाला कामाला जुंपता येत नाही. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायातील ह्या चार ओळींवर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले आहेत. सेमिनरीत आम्ही त्यांतील काही वाचले; पण त्यांचा खरा अर्थ मला धर्मग्रामात आल्यावर, माणसांच्या सुखदुःखांत वावरताना, हळूहळू कळू लागला.

चार व्यंजनांचे ते नाव पुढे यहुदी लोकांनी उच्चारायचे सोडून दिले. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, यरुशलेमच्या मंदिरात महायाजक ते उच्चारी आणि अंगणात जमलेले लोक जमिनीवर पालथे पडत, असे त्यांच्या परंपरेत नमूद आहे. इ.स. ७० साली रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि ते नाव उच्चारण्याची जागाच उरली नाही. शास्त्रपठण करताना ती चार अक्षरे आली की वाचक ‘अदोनाय’, म्हणजे ‘प्रभू’, असे म्हणतो. ग्रीक भाषांतरात त्याच जागी ‘कुरिओस’ हा शब्द आला. आपल्या काही भक्तिगीतांत ते चार अक्षरी नाव सर्रास गायले जात असे. २००८ साली रोमहून उपासनाविषयक खात्याने सर्व देशांच्या बिशपांना पत्र लिहून उपासनेत ते उच्चारू नये असे कळविले, तेव्हा आमच्या एका गायकवृंदाला फार वाईट वाटले. ‘फादर, चाल एवढी सुंदर आहे!’ चाल सुंदर होती, हे खरे. परंतु जे नाव आपल्या प्रभूने स्वतः सभास्थानात शास्त्र वाचताना, त्याच्या लोकांच्या रीतीप्रमाणे, मौनात राखले असणार, ते आपण टाळ्यांच्या ठेक्यावर का घ्यावे?

ही पार्श्वभूमी डोळ्यांपुढे असली म्हणजे संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातील दुसरा अध्याय अंगावर येतो. येशूने स्वतःला रिक्त केले, तो क्रूसावरील मरणापर्यंत खाली उतरला, म्हणून देवाने त्याला सर्व नावांहून श्रेष्ठ नाव दिले, असे पौल म्हणतो. ते श्रेष्ठ नाव कोणते? ‘प्रभू’. म्हणजे जे नाव कुणी उच्चारीत नव्हते, त्याच्या जागी उभा राहिलेला शब्द. ‘प्रभू येशू’ हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! पहिल्या शब्दात झुडपातील अग्नी आहे आणि दुसऱ्या शब्दात नाझरेथच्या गल्लीतील एक मुलगा.

कारण ‘येशू’ हे नाव त्या काळी अगदी सर्वसामान्य होते. जुन्या करारातील यहोशवा आणि नव्या करारातील येशू ही एकाच नावाची दोन रूपे आहेत. अर्थ असा की परमेश्वर तारण करतो. जोसेफस ह्या यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथांत ह्या नावाची डझनाहून अधिक माणसे भेटतात. आपल्याकडे एके काळी आळीआळीत एक अंतोन आणि एक पेद्रू असे, तसेच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या काही प्राचीन हस्तलिखितांत तर बरब्बाचे नावही येशू असेच दिले आहे. ते खरे असेल, तर पिलाताच्या अंगणातील त्या सकाळी लोकसमुदायापुढे दोन येशू उभे होते, आणि लोकांनी ज्याच्या हाती तलवार होती तो येशू मागून घेतला. पुढे ओरिगनसारख्या पंडितांना हे खटकले. पाप्याला हे नाव शोभत नाही असे त्यांचे मत पडले. माझे मत विचाराल तर ते नाव इतके सामान्य असणे हाच शुभवर्तमानाचा गाभा आहे. मोशेला जे हाती लागले नाही ते मारियेच्या मांडीवर आले, आठव्या दिवशी त्याचे बारसे झाले, आणि योसेफाने नाव ठेवून त्याला आपल्या घराण्यात घेतले. शेजारणींनी त्याला त्याच नावाने जेवायला हाक मारली असेल.

आणि अखेर हेच नाव एका फळीवर लिहिले गेले. इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत, आरोपपत्र म्हणून. प्रभूच्या हयातीत त्याचे नाव लिहिले गेल्याचा प्रसंग शुभवर्तमानांत हा एकच आहे, आणि लिहिणारा हात पिलाताचा.

ख्रिस्तसभेने ह्या नावाचा आदर कसकसा जपला, ह्याचा इतिहास मोठा आहे. मी थोडक्यातच सांगतो. १२७४ साली ल्यों येथील धर्मपरिषदेने येशूचे नाव ऐकताच मस्तक लवविण्याचा प्रघात सांगितला. आजही मिस्साग्रंथाच्या प्रारंभीच्या सूचनांत तो कायम आहे. पंधराव्या शतकात सिएनाचा संत बर्नार्डिन इटलीतील गावोगावी येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे सूर्यकिरणांच्या वर्तुळात रंगविलेली पाटी घेऊन हिंडला. गावागावांत सरदार घराण्यांची भांडणे पेटलेली असत आणि प्रत्येक घराण्याची चिन्हे भिंतींवर मिरवत असत. त्या चिन्हांच्या जागी एकच नाव यावे, ही त्याची धडपड होती. त्याच्या प्रवचनांमुळे जुगाराचे पत्ते बनविणाऱ्या एका कारागिराचा धंदा बसला, तेव्हा त्याला ह्या पाट्या बनविण्याचे काम बर्नार्डिनने सुचविले, असे सांगतात. ह्याच संतावर मूर्तिपूजेचा आरोप येऊन पोपसमोर चौकशी झाली, आणि तीतून तो निर्दोष सुटला. पवित्र नामाचा सण १७२१ साली सर्व ख्रिस्तसभेला लागू झाला, १९६९ साली पंचांगातून गळला आणि २००२ सालच्या मिस्साग्रंथात ३ जानेवारीला परत आला. नाताळाच्या धामधुमीनंतर सारा गाव थकलेला असतो, त्यामुळे त्या सकाळच्या मिस्साला पहिल्या बाकावर नेहमीच्या पाच-सहा म्हाताऱ्या तेवढ्या असतात.

ती तीन अक्षरे आपल्या परिचयाची आहेत. जुन्या गोव्यातील बॉम जेजूच्या दर्शनी भिंतीवर ती आहेत. मुंबईच्या महाधर्मप्रांताचे कुलाब्यातील कॅथीड्रल पवित्र नामालाच वाहिलेले आहे. आणि वसईच्या किल्ल्यात जेजुइटांनी उभारलेले चर्चही त्याच नावाचे होते. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया तेथल्या जेजुइटांच्या हाताखाली शिकला, आणि पुढे जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले, त्यांतील एकावर आपल्या वसईचा हा फ्रान्सिस्कन बंधू होता. त्या सव्वीस जणांत बारा-तेरा वर्षांची पोरेही होती. येशूचे आणि मारियेचे नाव घेत ते गेले, असे साक्षीदारांनी नोंदविले आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. जेजुइट गेले, छपरे कोसळली. नाव मात्र किल्ल्याबाहेर आळ्या-आळ्यांत पसरलेले होते, ते राहिले. पोर्तुगीज उच्चारातून आलेले ‘जेजू’ हे त्याचे रूप आमच्या आज्यांच्या तोंडी होते. मराठी बायबलमधील ‘येशू’ आम्ही शाळेत शिकलो. ठेच लागली, दूध उतू गेले, तारवाला उशीर झाला, की तोंडून ‘जेजू’च येई.

हे असे सहज तोंडून येणे म्हणजे नाव व्यर्थ घेणे काय, असा प्रश्न पापनिवेदनाच्या वेळी पुष्कळ जण विचारतात. ठेच लागल्यावर आई आठवते, तसे कुणाला जेजू आठवला तर त्यात व्यर्थ काय आहे? मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. बांधाच्या भांडणात क्रूसावर हात ठेवून खोटे बोलणारा भाऊ मी पाहिला आहे. आणि त्याहूनही अधिक काळजी वाटते ती अत्यंत भाविकपणे केलेल्या एका अपराधाची.

काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन गृहस्थ माझ्याकडे येत असत. मधुमेह जुना. कुठल्याशा प्रार्थनासभेत त्यांना सांगण्यात आले की येशूच्या नावाने तुझा आजार बांधून टाकला आहे, आता सुई घेणे म्हणजे त्या नावावर अविश्वास दाखविणे. त्यांनी इन्सुलिन बंद केले. सहा आठवड्यांनी पायाची जखम चिघळली आणि दोन बोटे कापावी लागली. हेही एक वेळ सोसता आले असते. पण त्यानंतर त्याच मंडळींनी इस्पितळात येऊन त्यांना ऐकविले की तुमची श्रद्धा उणी पडली. बोटे गेल्याचे दुःख त्या माणसाने मला कधी सांगितले नाही. ‘फादर, ते नाव आता माझ्या तोंडून येत नाही. घ्यायला गेलो की वाटते, मी नापास झालो,’ एवढेच ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी ह्या विषयावर अधिक कठोर झालो आहे. प्रार्थनासभांनी कित्येकांना पवित्र शास्त्र हाती घ्यायला लावले, दारू सोडविली, मोडलेली घरे सांधली; हे मी माझ्या धर्मग्रामात पाहिले आहे. तेथे आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना होते, तीत मीही सामील होतो. पण नाव मोठ्याने, पुन्हापुन्हा, तालावर घेतले की परिणाम झालाच पाहिजे, ही समजूत मोशेच्या आधीची आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात स्किवाच्या सात मुलांची हकिगत आहे. पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूचे नाव घेऊन ते भुते काढू पाहतात. भूत त्यांना विचारते की येशूला मी जाणतो, पौलाला ओळखतो, तुम्ही कोण? आणि मग त्यांना वस्त्रे टाकून पळावे लागते. हा प्रसंग हसण्यासारखा आहे, पण त्यातील प्रश्न हसण्यासारखा नाही. नाव त्यांनी बरोबर उच्चारले होते. त्या नावाच्या धन्याशी त्यांचे नाते नव्हते.

प्रभूने स्वतः आपल्या नावाने मागण्यास सांगितले आहे, मग ते काय? आमच्या भागात जमिनीचे व्यवहार सर्वांनाच कळतात, म्हणून मी मुखत्यारपत्राचा दाखला देतो. काका परदेशी आहेत. त्यांनी पुतण्याला मुखत्यारपत्र दिले. पुतण्या आता काकांच्या नावाने सही करू शकतो. पण काकांना जे करायचे आहे तेवढ्यापुरतीच. काकांची वाडी विकून स्वतःसाठी मोटार घेतली, तर सही खरी असूनही तो विश्वासघात होतो. येशूच्या नावाने मागणे म्हणजे येशू जे मागेल ते मागणे. आणि त्याने गेथशेमानी बागेत काय मागितले आणि शेवटी कशाला मान तुकवली, हे आपण प्रत्येक पवित्र आठवड्यात ऐकतो. त्या रात्री त्याची श्रद्धा उणी पडली, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

सातबाऱ्याचीच भाषा आणखी थोडी पुढे न्यावीशी वाटते. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू शिष्यांना पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने स्नानसंस्कार देण्यास सांगतो. मूळ ग्रीक शब्दयोजना ‘नावाने’ ह्यापेक्षा ‘नावात’ किंवा ‘नावावर’ अशी आहे. मिसरच्या वाळूत सापडलेल्या जुन्या पपायरसांवरील व्यवहारांत हीच शब्दयोजना एखादी रक्कम किंवा मालमत्ता अमुक एकाच्या खाती जमा करताना वापरलेली आढळते, आणि काही अभ्यासकांनी स्नानसंस्काराच्या सूत्राचा अर्थ त्या अंगाने लावला आहे. मला तो आपल्या मराठीत फार चपखल वाटतो. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतले जाते, तेव्हा फेरफार होतो. ते बाळ देवाच्या नावावर चढते.

म्हणून त्या विधीचा पहिलाच प्रश्न आईबापांना बाळाच्या नावाविषयी असतो. तेथे आडनाव विचारले जात नाही. डिसोजा, लोपीस, परेरा ही आडनावे आपल्याला पोर्तुगीजांच्या काळात मिळाली. वेदीपाशी त्यांची गरज पडत नाही. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार आईबापांनी ख्रिस्ती नाव दिले नाही तर धर्मगुरूने एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवावीत, असा नियम होता. १९८३ च्या संहितेने तो सैल केला. ख्रिस्ती मनाला परके वाटेल असे नाव नसावे, एवढीच दक्षता सांगितली. त्यामुळे आमच्या नोंदवहीत आता संदेश आहेत, प्रीती आहेत, करुणा आहेत. मला ह्यात काहीच वावगे दिसत नाही. करुणा हे नाव ख्रिस्ती नाही, असे कोण म्हणेल? वावगे दिसते ते दूरदर्शनच्या मालिकांतून उचललेल्या, अर्थ ना आईला ठाऊक ना बापाला, अशा नावांत. एका बापाला मी अर्थ विचारला तर तो म्हणाला, ‘फादर, इंटरनेटवर बघून सांगतो.’ तरी मी ते नाव नोंदवले. आठवड्याभराने अर्थ कळविण्यासाठी त्याचा फोन आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

नावावर होणे म्हणजे काय, हे मला एका आजीबाईंनी शिकविले. ऐंशी ओलांडलेल्या, गेली तीन-चार वर्षे स्मृती सुटत चाललेल्या. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र ख्रिस्तशरीर द्यायला मी त्यांच्या घरी जात असे. प्रथम नातवंडांची नावे गेली, मग मुलांची, मग मेलेल्या नवऱ्याचे, जे त्यांनी आयुष्यभर घेतलेच नव्हते. शेवटी स्वतःचेही गेले. सून रोज सकाळी त्यांचे केस विंचरताना घरातल्या एकेकाचे नाव त्यांना सांगे, शाळेतल्या हजेरीसारखे, आणि त्या प्रत्येक नावाला नव्याने मान डोलावत.

एका शुक्रवारी मी खोलीत शिरलो तर त्यांनी मला नीट न्याहाळले आणि विचारले, ‘तू कोणाचा?’

आपल्याकडे अनोळखी पोराला हाच प्रश्न विचारतात. मी माझ्या वडिलांचे नाव सांगितले. त्यांना काही बोध झाला नाही. गावाचे नाव सांगितले, आळीचे सांगितले. त्या वाट पाहत राहिल्या. सून म्हणाली, ‘बाय, हे फादर आहेत.’ त्याचाही उपयोग झाला नाही.

मग मी म्हणालो, ‘जेजूचा.’

‘असं होय,’ त्या म्हणाल्या, आणि मला बसता यावे म्हणून भिंतीकडे सरकल्या.